पिवळी क्रॉस-लॅमिनेटेड ताडपत्री, २०० जीएसएम, २४ बाय १८ : वादळातल्या छपरासाठी

तौक्ते वादळ २०२१ च्या १५ आणि १६ मे रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. घरांवर माड आणि आंबे पडले, विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी वाड्यांवर दिवसेंदिवस वीज नव्हती. कोविडच्या निर्बंधांमुळे सुतार आणि कौलं हाताशी मिळणं कठीण. त्यावर पावसाळा तोंडावर. त्या आठवड्यात गावातल्या कौलारू घरांचं छप्पर म्हणजे ताडपत्रीच होती. कुणाची टिकली, कुणाची एका रात्रीत चिंध्या झाली. फरक कशाने पडला, हे तेव्हा स्वच्छ दिसलं. शीट मधोमध फारशी फाटत नाही, ती कडेला फाटते. म्हणून इथे जास्त बोलायचं आहे ते कडेबद्दल आणि बांधणीबद्दल.

बाजारात दोन जाती मिळतात. एक विणलेली, बहुतेक निळी. प्लास्टिकच्या पट्ट्यांची वीण आणि दोन्ही बाजूंना पातळ मुलामा. घडीवर घासून हा मुलामा उडतो आणि उघड्या विणीतून पाणी झिरपतं. वरून शीट धड दिसते, पण खाली थेंब पडत राहतात. दुसरी क्रॉस-लॅमिनेटेड : वेगवेगळ्या दिशांना ताणलेल्या फिल्म एकमेकींना चिकटवलेल्या. हिला वीणच नाही, त्यामुळे झिरपणं नाही, आणि खिळ्याचं भोक पडलं तरी चीर सहज पुढे धावत नाही. दुकानात हिला सरसकट ‘सिलपॉलिन’ म्हणतात, पण ते सुप्रीम कंपनीचं ब्रँडनाव आहे. मागताना नावावर न जाता शीटवरचा छाप वाचावा. भारतीय मानकाचा (आयएस) क्रमांक क्रॉस-लॅमिनेटेडसाठी १४६११, विणलेलीसाठी ७९०३.

छपरासाठी २०० जीएसएमच्या खाली जाऊ नये. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, आणि ते दुकानातल्या काट्यावर तपासता येतं. २४ बाय १८ फूट म्हणजे ४३२ चौरस फूट, साधारण ४० चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर आठ किलोच्या आसपास भरली पाहिजे. साडेपाच-सहा किलो भरली तर ती १५० ची आहे, छाप काहीही असो. लांबी-रुंदीही मोजून घ्यावी, कारण बऱ्याचदा कड दुमडण्याआधीचं माप सांगतात आणि हातात अर्धा-पाऊण फूट कमी येतं.

मग कड पाहायची. दुमड निदान दीड-दोन इंच हवी आणि तिच्या आत दोरी घातलेली हवी. बांधायच्या रिंगा तीन-तीन फुटांवर, कोपऱ्यांना जोड थर. रिंग अंगठ्याने फिरवून बघा. फिरली तर ती पहिल्या वाऱ्यात निघणार. उन्हासाठी यूव्ही प्रक्रिया केलेली आहे का, तेही विचारा. नसेल तर गोव्याच्या एका उन्हाळ्यात शीट कडक होऊन तुकडे पडायला लागतात.

आता बांधणी. जाड दोरी सरळ रिंगेत घालून खाली चिऱ्याला (जांभ्या दगडाला) किंवा खांबाला आवळायची, ही नेहमीची चूक. वारा शीटला एकसारखा ओढत नाही, फडफडवतो. प्रत्येक झटका एका रिंगेवर येतो, ती निघाली की शेजारचीवर दुप्पट. रांगेने सगळ्या जातात. यावर गावात चालत आलेला उपाय आजही सगळ्यात भरवशाचा. कोपऱ्यापासून वीतभर आत, शीटच्या खालून एक सालासकट सुपारी धरायची, शीट तिच्याभोवती गोळा करायची आणि गळ्याशी दोरीचे दोन वेढे घालून आवळायची. ताण मूठभर शीटवर पसरतो, रिंगेवर येत नाही. गुळगुळीत गोटा चालतो, धारदार खडी नको. दोरी आणि खांब यांच्या मध्ये सायकलच्या ट्यूबची वीतभर पट्टी बांधली की झटका ती खाते. काथ्याची दोरी गाठ घट्ट धरते, पण कधी ना कधी कुजते. नायलॉन कुजत नाही, पण साधी गाठ सरकते. नायलॉन वापरत असाल तर शेवटी दोन गाठी जास्त मारा.

छपरावर घालताना माप असं धरावं : आढ्यापासून पागोळीपर्यंत १८ फूट, आढ्यापलीकडे ३ फूट आणि खालून गुंडाळायला ३ फूट. म्हणजे २४ फूट उतारावर जातात. आढ्यापलीकडे नेली नाही तर पाणी वरूनच शीटखाली शिरतं आणि मग वासे भिजत राहतात. खालची कड सरळ बांबूला दोन-तीन वेढे गुंडाळून बांबूच बांधून टाकावा, सुटी ठेवू नये. फुटलेली कौलं आधी काढावीत, कारण त्यांची टोकं आतून शीट कापतात. जिथे धार राहते तिथे गोणपाट घालावं. वर चिरे ठेवू नयेत. वाऱ्यात ते घसरतात आणि धड असलेली कौलंही घेऊन जातात. शीटमध्ये खळगा राहिला तर तोही जड असतो : तीन फूट बाय तीन फूट जागेत दोन इंच पाणी साचलं की चाळीस किलोंवर भार होतो. मोडक्या रिपांवर (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांवर) तो झेपत नाही.

वारा पूर्ण पडल्याशिवाय वर चढू नये. पाय रिपेवर, कौलाच्या पोटावर नाही. शेवाळ धरलेल्या ओल्या कौलावर तर पाऊलच नको, शिडी आडवी टाकून तिच्यावरून जावं. आणि विजेची तुटलेली तार छपराला किंवा झाडाला टेकलेली दिसली तर शीट राहू द्या, आधी विजेच्या तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर फोन करा.

पडवीसमोरच्या पावसाळी पडद्याला ही शीट कडक पडते. वाऱ्यात तिचा आवाजही मोठा, रात्री झोप मोडणारा. पडद्यासाठी १२० जीएसएम पुरे. तो उभा न लावता बाहेरच्या बाजूला तिरपा ठेवून खाली दीड फूट मोकळं सोडलं की वारा निघून जातो.

भातासाठी मात्र जपून. २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत क्यार वादळाचा पाऊस आला तेव्हा भात शेतात होतं. कापलेल्या ओल्या भातावर ताडपत्री घट्ट पसरली की आतली वाफ शीटला लागून परत भातावरच गळते आणि दोन दिवसांत कोंब फुटतात. मधोमध बांबू टाकून तंबूसारखी उंच करावी, दोन्ही तोंडं उघडी ठेवावीत, आणि ऊन पडताच काढावी.

दुरुस्तीला फेव्हिकॉल किंवा पंक्चरचं सोल्युशन कामाचं नाही, या प्लास्टिकला ते धरतच नाही. शिवलं तर प्रत्येक टाका नवं भोक. शीट धुऊन, पूर्ण वाळवून दोन्ही बाजूंनी ब्युटाइलची (चिकट रबराची) पट्टी दाबून लावावी. पावसातच लावली तर तासाभरात सुटते.

नीट बांधली, चतुर्थीच्या आधी उतरवून वाळवली तर तीन पावसाळे सहज काढते. ठेवताना घडी दर वर्षी वेगळ्या जागी पाडा आणि जमिनीवर न टाकता मांगराच्या (घराबाहेरच्या खोपटाच्या) वाशाला टांगा. जमिनीवरच्या घडीत उंदीर घर करतात, आणि एका कुरतडीला घडीच्या प्रत्येक थरात भोक पडतं. खरेदी एप्रिलमध्येच करा. मिरग (मृग नक्षत्र) जवळ आला की २०० ची संपते आणि दुकानात उरते ती ९० ची.