जेरुसलेमचं 'जळकं घर': नातवासोबत पाहिलेलं एक कोहेन घराणं

माझा जावई कोहेन, म्हणजे जेरुसलेमच्या जुन्या मंदिरातल्या पुजाऱ्यांच्या वंशातला, म्हणून नातूही कोहेन. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे ठाण्याचे. आमच्यात कोहेन घराणी नव्हतीच. लग्न, सुंता, प्रार्थना सगळं काजी, म्हणजे आमच्यातलेच धर्मविधी करणारे, बघायचे. कोहेन म्हणजे नेमकं काय, ते मला कळलं माझे यजमान वारले तेव्हा. बारा वर्षांचा नातू कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला. कोहेनाला मृताचा विटाळ चालत नाही. आईबाप, भावंडं अशा अगदी जवळच्या नात्यांपुरतीच कोहेनाला मृताजवळ जायची मुभा असते, आजोबा त्यात बसत नाहीत. "आजी, मलाच का?" त्याने विचारलं. त्या प्रश्नासाठी मी त्याला जुन्या शहरात घेऊन गेले.

जळकं घर ज्यू क्वार्टरमध्ये तिफेरेत इस्रायल रस्त्यावर आहे. वर दुकानं, माणसांची वर्दळ. पायऱ्या उतरलं की एकदम इ. स. 70. रोमन सैन्याने मंदिर जाळलं, त्यानंतर साधारण महिनाभराने वरच्या वस्तीला आग लावली, त्यात हे घर गेलं. पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांनी 1970 च्या जानेवारीत ते उकरून काढलं. काजळी, राख, भिंतीच्या कोपऱ्याला टेकून ठेवलेला भाला आणि एका तरुण बाईच्या हाताची हाडं इथे सापडली. मानवी हाडं असलेल्या छपराखाली कोहेनाने जायचं नसतं, म्हणून जावयाने आधी फोन करून नीट विचारून घेतलं होतं. घरात कोहेन असेल तर तुम्हीही विचारूनच जा.

आत बसायला बाकं आहेत. समोर खरे अवशेष आणि त्यांच्यावरच फिल्म दाखवतात. फिल्म कात्रोस या कोहेन घराण्याची गोष्ट सांगते, मुलं खिळून बसतात. पण मी म्हणेन, फिल्म संपली की लगेच उठू नका. दगडी वजनाजवळ जा. तळहातावर मावेल एवढं गोल वजन, त्यावर कोरलंय 'बर कात्रोस', म्हणजे कात्रोसचा मुलगा. या एका वजनावरून हे घर कोणाचं ते कळलं. अक्षरं सरळ, हिशेबाच्या वहीत काढावीत तशी. नातू काचेला नाक लावून ती एकेक करून वाचत होता, त्याला वाचताही आली. दोन हजार वर्षांपूर्वीचं आडनाव माझ्या नातवाने वाचलं!

आता या घराण्याचं खरं सांगायला हवं, आणि मी ते नातवापासून लपवलं नाही. तलमूद या ज्यू धर्मग्रंथात एक आक्रोश आहे: बोएथूसच्या घराण्याचा जाच त्यांच्या सोट्यांचा, हानीनच्या घराण्याचा कुजबुजीचा, कात्रोसच्या घराण्याचा लेखणीचा, आणि इश्माएल बेन फियाबीच्या घराण्याचा मुठींचा. हे स्वतः महायाजक, यांची मुलं खजिनदार, जावई कारभारी, आणि यांचे नोकर लोकांना काठ्यांनी मारतात. सगळं एकाच घरात! लेखणीचा जाच म्हणजे काय, हे ज्याने कधी कचेरीत हेलपाटे घातलेत त्याला वेगळं सांगायला नको.

घरभर दगडी भांडी दिसतील. इतकी का, तर दगडाला विटाळ लागत नाही. मातीचं भांडं विटाळलं की फोडूनच टाकायचं. कोहेनांना जमिनीत वाटा नव्हता. लोक धान्यातून, कणकेतून, लोकरीतून जे काढून ठेवत त्यावर त्यांचं चाले, आणि त्यातलं धान्य, कणीक शुद्ध राहूनच खायची असे. मंदिरातल्या सेवेसाठी त्यांच्या 24 पाळ्या होत्या, प्रत्येक पाळीला एक आठवडा. बाकीचे दिवस ते आपापल्या गावी. म्हणजे सगळेच कोहेन असे वरच्या वस्तीत राहणारे नव्हते, हेही मुलांना सांगा.

बाहेर आल्यावर आम्ही दगडी कट्ट्यावर बसलो आणि मी त्याला दुसरी दोन घराणी सांगितली. गार्मू घराणं मंदिरातल्या मेजावरच्या बारा भाकऱ्या भाजायचं, अवतीनास घराणं धूप बनवायचं. आपली विद्या ते कोणाला शिकवत नसत, त्याबद्दल त्यांनी बोलही खाल्ले. अलेक्झांड्रियाहून कारागीर आणले, पण त्यांच्या भाकरीला बुरशी यायची. शेवटी गार्मूंनाच दुप्पट मजुरी देऊन परत बोलवावं लागलं. पण याच गार्मूंच्या मुलांच्या हातात कधी पांढऱ्या पिठाची भाकरी दिसली नाही, देवाच्या मेजावरचं खातात असं कोणी म्हणू नये म्हणून. आणि अवतीनासची नवरी कधी अत्तर लावून घराबाहेर पडली नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा! मला कात्रोसच्या वजनापेक्षा ती बिनअत्तराची नवरी जास्त आठवते.

वेळ असेल तर हाकराईम रस्त्यावरचं वोल पुरातत्त्व संग्रहालयही पाहा. त्याच वस्तीतले वाडे: मोझाइकची जमीन, रंगवलेल्या भिंती, आणि पायऱ्यापायऱ्यांची स्नानकुंडं, मिकवे. पाण्यात उतरायच्या पायऱ्या पाहून विटाळ-शुद्धीचं प्रकरण डोक्यात पक्कं बसतं. गुडघे दुखत असतील तर सकाळी जा, दोन्हीकडे चढउतार आहे. शनिवारी बंद. दहा वर्षांखालच्या मुलांना आगीची दृश्यं जड जातील असं मला वाटतं. बाकी ज्यांच्या घरात कोहेन आहे त्यांनी हे चुकवू नये. जे आमच्यासारखे काजींच्या हाताखाली वाढले, त्यांनी तर मुळीच नाही.

त्या आठवड्यात शुक्रवारी मी खल्लासाठी, म्हणजे शब्बाथच्या ब्रेडसाठी, कणीक मळली आणि नेहमीसारखा सुपारीएवढा गोळा बाजूला काढला. "हा पूर्वी तुमच्या घराण्याचा असायचा," मी नातवाला म्हटलं. "आता तितकं शुद्ध कोणीच नाही, म्हणून जाळायचा." ब्रेड भाजून झाल्यावर त्यानेच तो फॉइलवर ओव्हनमध्ये ठेवला, आणि काळा होईपर्यंत काचेतून बघत उभा राहिला.