फ्लिपिंग की पिचिंग? आपल्या काठांवरून मरळ धरायची तर

बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारा, अंगठ्यानं आवरायचा रील) घेऊन झालाय, रॉड जड आहे, दोरी ब्रेडची, म्हणजे विणलेली आहे, आता जलपर्णीतल्या मरळीसाठी लुअर (नकली आमिष) टाकायच्या दोन पद्धतींपैकी फ्लिपिंगवर हात बसवू का पिचिंगवर, असं बरेचजण विचारतात म्हणून लिहितोय. रॉड किती फुटी, शिसं किती ग्रॅम हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात वेळ घालवत नाही.

दोन्ही प्रकार तिकडं अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी वापरतात. फ्लिपिंग गाजवलं कॅलिफोर्नियाच्या डी थॉमसनं, १९७५ ला बुल शोल्स तलावावरची स्पर्धा त्यानं याच पद्धतीनं मारली. फक्त तिथं माणूस बोटीच्या टोकावर उभा असतो, आजूबाजूला सगळं मोकळं. आपण उभे कृष्णेच्या काठाला, पाठीमागं ऊस, डावीकडं बेशरम, उजवीकडं वेडी बाभूळ. व्हिडिओ बघून ठरवणार असाल तर एवढं आधी लक्षात घ्या.

फ्लिपिंगची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच तगडी आहे. यात रीलमधनं दोरी सुटतच नाही. रील आणि रॉडवरच्या पहिल्या रिंगच्या मधली दोरी डाव्या हातानं ओढून धरायची, लुअर झोक्यासारखा झुलवायचा आणि पंधरा-वीस फुटांवरच्या भोकात अलगद सोडायचा. गुंता होण्याचा प्रश्नच नाही, रील साधा असला तरी भागतं. जलपर्णीच्या थरात ताटलीएवढी फट असली तरी लुअर तिच्यातच उतरतो, उचलून पुढच्या फटीत टाकायला क्षणभर लागतो. दोरी बोटांत असल्यामुळं लुअर खाली जाताना मरळीनं नुसतं चाटलं तरी कळतं. नेम आणि वेग या दोन्हीत मला तरी पिचिंग याच्या जवळ वाटत नाही.

आता जे मला खटकलं ते. डाव्या हातातला तो दोरीचा सैल फास. लुअर पुढं जाताना तो फास सरसर रिंगांमधनं निघून जायला पाहिजे, आणि आपल्या काठावर नेमका तेव्हाच तो कशात तरी अडकतो. बाभळीचा काटा, घाणेरीची फांदी, गवताचं तुरं, शर्टाचं बटण, काहीही चालतं त्याला. फास अडकला की लुअर हवेतच हिसका खातो आणि फटीच्या अलीकडं पानांवर फटकन आदळतो. बासचं मला माहीत नाही, पण मरळ असल्या आवाजाला थांबत नाही, बुडबुडं सोडून गेलीच समजा. मग वाकून काट्यातनं दोरी सोडवा, तोवर आपली सावली पाण्यावर. एखाददुसऱ्या वेळी ठीक आहे हो, पण येरळेच्या काठाला सकाळभर हेच चाललं की माणूस मासे सोडून झाडीशीच भांडायला लागतो.

पिचिंगमध्ये हा फासच नाही. लुअर डाव्या हातात, स्पूल (रीलमधलं दोरीचं रीळ) मोकळा, त्यावर अंगठा, रॉडचं टोक खालून वर उचललं की लुअर पाण्याला घासून गेल्यासारखा तीस-चाळीस फूट जातो. बेशरमीच्या लोंबत्या फांद्यांखाली शिरतो, तिथं वरनं टाकलेला फ्रॉग (बेडकासारखा लुअर) पोचत नाही. आणि आपण काठापासनं चार पावलं मागं राहू शकतो. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत हे सांगलीकरांना सांगायला नको, तिथं एकेक फूट पुढं सरकून पाण्यात गुडघाभर उतरणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

तोटा आहेच. अंगठा चुकला की स्पूलवर असा गुंता की पुढचा अर्धा तास त्याच्यातच. लुअर जरा हलका असला किंवा समोरनं वारं असलं तर जास्तच. पण हा वैताग सरावानं कमी होतो, बाभळीचा काटा सरावानं कमी होत नाही.

उन्हाळ्यात कण्हेर, धोम धरणांचं पाणी मागं जातं तेव्हा काठ मोकळा मिळतो, फास अडकायला काही नसतं, फ्लिपिंग निवांत करता येतं. पण तेव्हा आडोसा पण काठापासनं लांब गेलेला असतो, म्हणजे फेक परत लांबचीच हवी. (धरणावर मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे ते आधी विचारून घ्या, उगाच वाद नको.) तुमच्याकडं तराफा किंवा छोटी होडी असेल तर माझं सगळं ऐकू नका, सरळ फ्लिपिंग शिका. काठावरनंच धरणार असाल तर मी पिचिंगकडं झुकतोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका वर दिसला तर दोन्हीतलं काहीच करू नका, खाली मरळ राखण करत असते, तिला राहू द्या.

पिचिंग ठरलं तर हुक काढून गच्चीवर सराव करा. स्पूलचा ताण असा लावा की अंगठा काढल्यावर लुअर हळूहळू खाली उतरेल. वीस फुटांवर पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा, नेमाचं मागनं बघू, आधी आवाज ऐका. डुबुक असा मोठा आवाज आला तर लुअर फार उंचावरनं येतोय, सोडताना रॉडचं टोक अजून खाली ठेवा.