80 एमएमचा स्पॉटिंग स्कोप आणि एक दळभद्री स्क्रू

रायफल रेंजवर गोळी टार्गेटवर कुठे लागली ते बघायला हा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याची दुर्बीण, घेतला. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, म्हणून थोडक्यात: 20-60 झूम, 80 मिलिमीटरचं ऑब्जेक्टिव्ह (पुढची काच), 45 अंशात वाकलेला आयपीस (डोळा लावायची बाजू). काच उत्तम. आता मुद्द्याचं बोलतो, म्हणजे कॉलरच्या स्क्रूचं.

कॉलर म्हणजे स्कोपच्या पोटाभोवतीची कडी. ती आवळायला प्लॅस्टिकची मूठ दिलीय आणि तिच्यात स्क्रू नुसता दाबून बसवलाय. मे महिन्याच्या उन्हात तो आतल्या आत फिरायला लागला. मूठ कितीही पिळा, कडी ढिलीच. आयपीस स्वतःच्याच वजनाने हळूहळू कलंडतो. वाकडा आयपीस घेतला तो प्रोनमध्ये (पालथं झोपून नेम धरताना) पडल्या पडल्या, मान जेमतेम हलवून गोळी कुठे लागली ते बघता यावं म्हणून. इथे दर दोन गोळ्यांनी हात सोडवून स्कोप सरळ करा, म्हणजे हाताला आवळलेला रायफलचा पट्टा, टेकलेलं कोपर, सगळी पोझिशन परत पहिल्यापासून.

विक्रेत्याला फोन केला. "सर, कॉलर ॲक्सेसरीत येते, वॉरंटी फक्त ऑप्टिक्सवर." कॉलर काय मी वेगळी मागवली होती? बिल पाठवा, फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा. मग म्हणे अख्खा स्कोपच कुरिअर करा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. एका स्क्रूपायी एवढी महागाची काच कुरिअरवाल्याच्या हवाली करायची? जमणार नाही.

हार्डवेअरच्या दुकानात एम-6 चा बोल्ट मिळतो, तो दोन-चार आटे जातो आणि अडकतो. जबरदस्ती केलीत तर कडीचे आटे जातील. इथला आटा पाव इंची आहे, इंचाला 20, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला असतो तोच. शेवटी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे पार्ट करणाऱ्या एका लेथवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांनी आट्यांवरून नख फिरवलं. "पाव इंच विटवर्थ चालंल की. जुन्या मशिनांना ह्येच लागतंय." पितळेची मूठ, कडेने नर्लिंग (खरबरीत खाचा), घामेजल्या बोटांतूनही न सटकणारी. दीडशे रुपये, वर चहा त्यांचाच. तेव्हापासून स्कोप तसूभर हललेला नाही.

काचेबद्दलही सांगतो. 60 पट झूम म्हणजे पैसे पाण्यात, असं मी उन्हाळाभर रेंजवर सगळ्यांना ऐकवत होतो. 50 मीटरवर पॉइंट टू-टू (.22) रायफलच्या गोळीचं भोक 5.6 मिलिमीटरचं, टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 चं. टार्गेटच्या काळ्या भागात पडलेली गोळीसुद्धा 25 वर स्वच्छ दिसते. 60 वर नेलं की चित्र काळवंडतं, कारण 80 भागिले 60, डोळ्यात शिरणारा झोत जेमतेम 1.3 मिलिमीटर उरतो. त्यात आपल्याकडचं ऊन. दहा वाजले की जमीन तापते, मिराज (तापलेल्या हवेची थरथर) उकळायला लागतो आणि झूम जितका जास्त तितका तोही मोठा दिसतो.

डिसेंबरात मत थोडं बदललं. थंड सकाळी हिप्परगा तलावावर स्कोप नेला तर पलीकडच्या काठावरची बदकं 50 वर सुद्धा स्थिर! म्हणजे दोष काचेचा नव्हता, हवेचा होता. तरी 300 मीटरवाल्यांनी एवढ्यावर हुरळून जाऊ नये. सहापट लांबचं 7.62 मिलिमीटरच्या गोळीचं भोक आपल्या दुपारी कुठलाही स्कोप दाखवणार नाही. बट्समध्ये (टार्गेटखालच्या खंदकात) मार्किंगला माणूस लागणारच. त्यांना स्कोपचा खरा उपयोग वारा वाचायला. झूम 25 च्या आसपास ठेवा, फोकस टार्गेटच्या जरा अलीकडे आणा आणि मिराज कुठल्या बाजूला वाहतोय ते बघून रायफलच्या साइटला क्लिक द्या (नेम तेवढा सरकवा). सरळ वर उकळत असेल तर आडवा वारा नाही, पण तो कुठूनही सुटू शकतो, तेव्हा घाईने गोळी सोडू नका.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरच सराव असेल तर शेजारी मॉनिटर असतोच, स्कोपवर खर्च करूच नका. कागदावर मारत असाल तर 60 मिलिमीटरचं ऑब्जेक्टिव्हही पुरतं, वाचलेले पैसे गोळ्यांना होतील. फक्त घेताना दुकानातच कॉलरची मूठ दहा वेळा आवळून-सोडून बघा. विक्रेता तोंड वाकडं करेल, करू दे.

परवा माझ्या त्या विक्रेत्याचा मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया पाच स्टार द्या." एक दिला, तोही काचेसाठी.