ऑफिसला ‘सर्व्हर’ बसवून देणाऱ्याने आम्हाला कसं फसवलं

कोल्हापुरात आमचा ऑफसेटचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दूध संस्था आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही आमची नेहमीची कामं. डिझाइनचे तीन कॉम्प्युटर, एक हिशेबाचा आणि एक प्लेटसाठी फाइल पाठवायचा. फाइल फिरायच्या पेनड्राइव्हवरून. एकाच अहवालाच्या चार-चार ‘फायनल’ व्हायच्या आणि प्लेट नेमकी जुन्या फाइलची निघायची. म्हणून सगळ्या फाइल एकाच जागी ठेवून सगळ्यांना तिथूनच उघडता याव्यात, अशी सोय करून घ्यायचं ठरलं.

यांच्या एका मित्राच्या ओळखीने एक जण आला. बोलायला गोड, काम समजावून सांगणारा. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: दोन डिस्कची नॅस (नेटवर्कवरून सगळ्या कॉम्प्युटरना फाइल देणारी साठवणीची पेटी), चार-चार टीबीच्या दोन नव्या डिस्क, एकीची दुसरीवर आपोआप नक्कल म्हणजे रेड १, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा गिगाबिट स्विच आणि निव्वळ तांब्याची कॅट-६ वायर. “वहिनी, एक डिस्क उडाली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं असतंय. तुम्ही निवांत राहा,” हे त्याचे शब्द. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले काम झाल्यावर. काम झालं, फाइल उघडायला लागल्या, पैसे चुकते झाले.

असल्या फसवणुकीची खरी अडचण हीच आहे. फसवलेली वस्तू पहिल्या दिवशी नीट चालते.

सहकारी संस्थांना वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्याव्या लागतात, त्यामुळे ऑगस्टपासून अहवालांची नुसती रांग असते. त्याच गर्दीत एक दिवस नॅस बीप-बीप करायला लागली आणि सगळे फोल्डर गायब. त्याला फोन केला तर म्हणाला, “दोन्ही डिस्क माझ्याकडे द्या, पुण्याच्या लॅबमधून डेटा काढून आणतो, पण तिथं खर्च बराच येईल.” म्हणजे आधी विकायची खोटी वस्तू आणि मग तिच्याच दुरुस्तीचे पैसे घ्यायचे. आमच्या भाच्याने डिस्क द्यायला साफ नकार दिला आणि शाहूपुरीतल्या दुसऱ्या एका जाणकाराला बोलावलं. त्या डिस्क त्या दिवशी हातातून गेल्या असत्या, तर आज आमच्याकडे पुरावा म्हणून काहीच उरलं नसतं.

त्या जाणकाराने पहिला प्रश्न विचारला, “तुम्हाला एकूण जागा किती दिसत होती?” डिझाइनची मुलगी म्हणाली, सात टीबीच्या वर. तिथंच सगळं उघड झालं. चार टीबीच्या दोन डिस्कवर एकमेकींची नक्कल असेल, तर वापरायला एकीचीच जागा मिळते आणि ती साधारण ३.६ टीबी दिसते. ७.२ दिसत असेल, तर नक्कल कुठेच नाही. फाइलचे तुकडे करून अर्धे एका डिस्कवर आणि अर्धे दुसरीवर ठेवले जातायत. याला रेड ० म्हणतात. यात एक डिस्क गेली की दुसरीवरच्या तुकड्यांचाही काही उपयोग राहत नाही. आणि नॅस बसवून देणारा तो माणूस आम्हाला म्हणाला होता, “बघा, ठरल्यापेक्षा जास्त जागा दिली!”

मग त्याने चालू असलेली डिस्क कॉम्प्युटरला जोडून तिची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच स्वतःबद्दल ठेवते ती नोंद, काढली. त्यात डिस्क आजवर किती तास चालली, याची नोंद असते. आकडा ३१,००० च्या वर होता. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे आमची ‘नवी’ डिस्क साडेतीन वर्षं कुठेतरी रात्रंदिवस फिरून आली होती. डिस्कवरचा अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर टाकला, तर वॉरंटी कधीच संपलेली. आमच्या बिलावर अनुक्रमांकच नव्हते. नुसतं ‘कॉम्प्युटर साहित्य, १ सेट’.

तासांची ही नोंद पुसताही येते. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क विक्रेत्यांकडून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. स्मार्टमधले तास शून्याजवळ आणलेले होते, पण त्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद असते, तिच्यात खरा आकडा सापडला. त्यामुळे तास कमी दिसले तरी वॉरंटीची तारीख पाहायलाच हवी.

वायरचं तर विचारूच नका. मुलं कधीची सांगत होती की मोठी फाइल उघडायला फार वेळ लागतो, आणि तो म्हणायचा, “तुमचे कॉम्प्युटर जुने आहेत.” त्या जाणकाराने वायरचं एक टोक कापलं, आतली तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस थर गेला आणि आत पांढरीशुभ्र तार. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! शिवाय दोन कॉम्प्युटरच्या कनेक्टरमध्ये आठपैकी चारच तारा बसवलेल्या. गिगाबिटला आठही तारा लागतात. चारच असल्या की वेग शंभर मेगाबिटवर येतो. मग दोन जीबीची फाइल, जी वीसेक सेकंदांत यायला हवी, ती तीन मिनिटं घेते. विंडोजमध्ये नेटवर्कच्या माहितीत लिंकचा वेग दिसतो. तिथे १००० च्या जागी १०० दिसलं, तर वायर उघडून बघायला लावा.

आम्ही वकिलामार्फत नोटीस दिली आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक आयोगात जाताना हरकत येऊ शकते. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यांना सूट आहे, पण ते पटवून द्यावं लागतं. फसवणुकीची पोलीस तक्रार वेगळी. पूर्वीचं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. दोन्हीकडे कोटेशन, बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं कामी येतं, म्हणून त्यातलं काहीही पुसू नका.

नवीन काम करून घेताना डिस्कची खोकी आपल्यासमोर फोडायला लावा, अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या, नॅसचा अ‍ॅडमिन पासवर्ड स्वतःकडे घ्या. आमचा पासवर्ड त्याच्याकडेच होता, म्हणून आतली मांडणी कुणाला दिसलीच नाही. शेवटचे पैसे देण्याआधी एक डिस्क काम करणाऱ्याकडूनच बाहेर काढून घ्या आणि फाइल उघडतात का ते पाहा. खरी नक्कल असेल, तर तो हे हसत करून दाखवेल.

ज्यांच्याकडे आधीच असं काम झालेलं आहे, त्यांनी आजच एकूण जागेचा आकडा बघा. दुप्पट दिसला, तर त्या माणसाला लगेच “बदलून दे” म्हणून बोलावू नका. रेड ० चं रेड १ करताना साधारणपणे आतलं सगळं पुसावं लागतं. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दोन-चार फाइल उघडून खात्री करा आणि मगच कुणाला नॅसला हात लावू द्या.