कोरीवकामासाठी चित्राचा सराव: पेन्सिल की टाक?

धातूवर कोरायच्या वेलबुट्टीचा सांगाडा पेन्सिलनेच काढावा. आधी वेलीचा कणा एका ओघात, पाने नंतर. गोलाई कुठे सपाट झाली, तर खोडून सुधारता येते. धातूत गेलेली रेघ खोडता येत नाही.

पेन्सिल फसवते ती छायेत. बोटाने घासून आणलेली करडी छटा ग्रेव्हरला, म्हणजे धातू कोरायच्या टोकदार हत्याराला, जमत नाही; त्याच्याकडे फक्त रेघ असते. म्हणून छाया शाईनेच गिरवा, तीही लवचीक निबच्या टाकाने. दाब वाढला की रेघ रुंदावते, तशीच व्ही आकाराचा ग्रेव्हर खोल गेला की खाच रुंदावते. एकाच जाडीच्या फाइनलाइनर पेनाने हा चढउतार हातात बसत नाही.

चित्र कोरायच्या मापाच्या तिप्पट मोठे काढत असाल, तर छायारेघांमधले अंतरही तिप्पट ठेवा. नाहीतर लहान करताना रेघा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग उरतो.