जुनी टी-मॅक्स २.५ कमी पैशांत उभी केली: पावसाळा आणि थंडी चालवून झाल्यावरचा अनुभव

आधी पैशांचं सांगतो, कारण विचारणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. ट्रॅक्सस कंपनीची जुनी टी-मॅक्स, म्हणजे खऱ्या इंजिनावर पळणारी रिमोटची गाडी, २.५ चं इंजिन, घासाघीस करून साडेसात हजारांना घेतली. उभी करायला आणखी सहा-साडेसहा हजार गेले. त्यातले निम्म्याहून जास्त रिमोट, रिसीव्हर आणि सर्व्होवर (स्टीअरिंग, थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरी). इंजिनावर आठशेच्या वर खर्च नाही. इंधन मी या हिशोबात धरलेलंच नाही, कारण ते धरलं तर हिशोब घरी दाखवता येत नाही.

टी-मॅक्स १९९९ मध्ये आली. साधारण १/१० मापाचा नायट्रो (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारा) मॉन्स्टर ट्रक, चारही चाकांना ड्राइव्ह, आपोआप पडणारे दोन गिअर, प्रत्येक चाकाला दोन याप्रमाणे आठ शॉक, आणि नायट्रो गाड्यांत सहसा न मिळणारा रिव्हर्स. २.५ हा इंजिनाचा सीसीचा आकडा, पुढे ३.३ आली. माझी गाडी 'चालू कंडिशन, फक्त ट्यूनिंग बाकी' या जाहिरातीतली. सेकंडहँड नायट्रोच्या जाहिरातीत हे वाक्य दिसलं की समजायचं, गाडीने गेल्या कित्येक दिवाळ्यांत धूर काढलेला नाही.

बघायला गेलो तेव्हा रंग, बॉडी, टायर यांकडे फार पाहिलंच नाही. बघायचं होतं ते कॉम्प्रेशन. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पितळी स्लीव्हला आतून क्रोमचा थर, त्यात अॅल्युमिनियमचा पिस्टन. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, म्हणून थंड इंजिनात पिस्टन वर पोचताना दाटून बसतो; इंजिन तापलं की स्लीव्ह फुगते आणि फट बरोबर होते. फ्लायव्हील बोटाने फिरवताना वर तो दाब लागला तर इंजिनात जीव आहे. सुळकन फिरलं तर पिस्टन-स्लीव्हचा जोड नवा घ्यावा लागणार, आणि मग 'कमी खर्चात' हा शब्द विसरायचा.

इथे फ्लायव्हील हलतच नव्हतं. विकणारे दादा जरा ओशाळले. मी ग्लो प्लग (आतल्या तापलेल्या तारेने इंधन पेटवतो तो) काढून आत टॉर्च मारला. पिस्टनच्या डोक्यावर तपकिरी, चकचकीत थर होता, लाल गंज नव्हता. म्हणजे इंधनातलं एरंडेल वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं. गंजाने जाम झालेलं इंजिन मी तिथेच ठेवून आलो असतो. एरंडेलाने जाम झालेलं मात्र बहुतेक वेळा आतून राखलेलंच असतं. भाव पाडायला तेवढं कारण पुरलं.

असं अडकलेलं इंजिन स्टार्टरने किंवा पक्कडीने जोर लावून फिरवू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. हेअर ड्रायरने हेड चांगलं तापवलं, प्लगच्या भोकातून थोडं पातळ तेल सोडलं आणि फ्लायव्हील मागे-पुढे डोलवत राहिलो. थोड्या वेळाने कट्ट करून सुटलं.

पुढचं काम मला सगळ्यात आवडलं. जुन्या बाजारातून एक टाकाऊ राइस कुकर आणला. कार्ब (कार्ब्युरेटर), ओ-रिंगा आणि गास्केट काढून इंजिनाचे धातूचे सगळे भाग कारच्या हिरव्या कूलंटमध्ये बुडवले आणि कुकर 'वॉर्म'वर रात्रभर गॅलरीत ठेवला. उकळी येऊ द्यायची नाही. सकाळी टूथब्रश फिरवला तर हेडच्या पाकळ्यांवरचा जळका थर ओल्या सालीसारखा निघून आला आणि खालचं पांढरं अॅल्युमिनियम दिसलं. कोणत्याही रासायनिक क्लीनरने हे इतकं स्वच्छ होत नाही. मात्र कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं, त्यामुळे मुलं, कुत्री, मांजरं यांच्यापासून लांब ठेवा. तो कुकर पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही हेही आधीच घरी स्पष्ट करा.

क्रँककेस गरम असतानाच लाकडी ठोकळ्यावर आपटली आणि मागचं बेअरिंग आपसूक खाली पडलं. त्याला फिरवलं की करकर आवाज. इंधनातलं मेथॅनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, शिवाय नायट्रोमिथेन जळून थोडं आम्लही तयार होतं. गाडी टाकीत इंधन ठेवून कपाटात गेली की पहिला बळी याच बेअरिंगचा. जुना नमुना घेऊन पुण्यातल्या नाना पेठेत गेलो. दुकानातल्या काकांनी व्हर्नियर लावला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कशाचं आहे?"

"रिमोटची गाडी. इंजिनवाली."

"खेळण्याला बेअरिंग?" मग आतून डबा काढता काढता, "फिरतं किती?"

"तीस हजारापर्यंत जातं, काका."

त्यावर त्यांनी आधी काढलेला डबा परत ठेवला आणि दुसरा काढला. सी-३ क्लिअरन्सचं (आतली फट जरा जास्त असलेलं), बाजूला रबर सील नसलेलं. कारण इंधनातलं तेलच त्याला वंगण देतं. चाकांची आणि गिअरबॉक्सची बेअरिंगंही तिथेच मापाने मिळाली, ती सीलवाली. याच बेअरिंगांचा छापील पुडक्यातला संच परदेशातून मागवला असता तर शिपिंग आणि ड्यूटी धरून कितीतरी पट पडला असता. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे माझा नियम असा: बेअरिंग, स्क्रू, ओ-रिंग, गोंद, स्प्रिंग हे सगळं इथल्या पेठांत, बाहेरून फक्त ते, जे इथे बनतच नाही. ३ आणि ४ मिमीचे अॅलन स्क्रू बोहरी आळीत मूठभर घेतले, गाडीतले झिजलेल्या डोक्यांचे सगळे स्क्रू बदलले, तरी पिशवीत उरलेत.

आता खरा मुद्दा. जुनी नायट्रो गाडी त्रास देते तेव्हा दहातले नऊ जण नीडल (इंधन किती जावं ते ठरवणारे कार्बचे स्क्रू) फिरवत बसतात. मला उलटं वाटतं. आधी हवा कुठून शिरते ते शोधा, नीडलला हातही लावू नका. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली न येता वरच गुणगुणत राहत असेल, किंवा एका टाकीत एक आणि दुसऱ्या टाकीत दुसरं वागत असेल, तर ते ट्यूनिंग नाही, गळती आहे. जागा ठरलेल्या आहेत: कार्बच्या मानेखालची ओ-रिंग, लो-स्पीड नीडलची ओ-रिंग, बॅकप्लेट (क्रँककेसचं मागचं झाकण), टाकीचं झाकण, आणि इंधनाच्या नळीला कुठेतरी पडलेलं टाचणीएवढं भोक.

तपासायला बादलीभर पाणी लागतं. एक्झॉस्टचं तोंड रबरी बुचाने आणि कार्बचं तोंड बोटाने बंद केलं, इंधनाच्या निपलला लांब सिलिकॉन नळी लावून इंजिन पाण्यात धरलं आणि फुंकलं. बॅकप्लेटच्या खालच्या कडेतून मोहरीएवढे बुडबुडे रांगेने वर येत होते, सावकाश, एकामागून एक. एवढ्याशा फटीपायी गाडीच्या आधीच्या मालकाने ती कंटाळून विकली असणार. बॅकप्लेट आणि कार्बच्या मानेला दुचाकीचे मेकॅनिक वापरतात तो आरटीव्ही सिलिकॉन अगदी पातळ लावला, ओ-रिंगा नायट्रिलच्या घेतल्या. काही दुकानदार 'भारीतली' म्हणून व्हायटॉन देतात, पण मेथॅनॉलमध्ये ती फुगते, इथे नको. टाकीही तशीच फुंकून तपासली. झाकणाची रिंग बदलली. नळी सिलिकॉनचीच हवी. पेट्रोलची नळी पेट्रोललाच ठीक.

ट्यूनिंग मग अर्ध्या तासाचं काम उरलं. कंपनीच्या सेटिंगवर दोन्ही नीडल आणल्या, पहिल्या टाक्या भरपूर धुरात, रिच (इंधन जास्त) चालवल्या, मग हाय-स्पीड नीडल एका वेळी घड्याळाच्या तबकडीवरच्या दोन-तीन मिनिटांच्या खुणांएवढीच आवळली. हेडचं तापमान साधारण ९५ ते १३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवतो. इन्फ्रारेड थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका: लगेच चर्र करून उडाला तर जास्त गरम, तीन-चार सेकंद घेऊन उकळत गेला तर ठीक, नुसता बसून राहिला तर अजून रिच. पुण्याची उंची ५६० मीटर, हवा समुद्रकाठापेक्षा विरळ. इथे बसलेली नीडल अलिबागच्या वाळूत नेली की गाडी लीन होऊन (इंधन कमी पडून) तापते, म्हणून उतरल्या उतरल्या थोडी उघडायची. थंडीतल्या सकाळीही तेच, कारण हवा दाट.

मूळ २७ मेगाहर्ट्झचा रिमोट मी चालू करूनही पाहिला नाही. जुन्या रेडिओवर इंजिनवाली गाडी चालवणं म्हणजे काही किलोचा, तापलेला, फुल थ्रॉटलवरचा ठोकळा कोणाच्या तरी नडगीवर सोडणं. फ्लायस्कायचा २.४ गिगाहर्ट्झचा, तीन चॅनेलवाला घेतला. तिसरा चॅनेल रिव्हर्सच्या सर्व्होसाठी. फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडीने काय करायचं ते) ब्रेकवर सेट केलं आणि कार्बला जास्तीची रिटर्न स्प्रिंग लावली. रिसीव्हरला चार सेलऐवजी पाच निकेल-मेटल सेलचा, ६ व्होल्टचा पॅक दिला. खर्चात इथे हात आखडू नका. टायर रिमवरून सुटले तर फेव्हिक्विकने चिकटतात, बॉडीची भेग पीओपीवाल्यांच्या जाळीच्या पट्टीने आणि रबरी गोंदाने आतून बुजते. फेलसेफला पर्याय नाही.

इझी-स्टार्टचं (इंजिन फिरवणाऱ्या मोटरला वीज देणारं) हातात धरायचं युनिट गाडीसोबत मिळालंच नाही. कॉर्डलेस ड्रिलच्या पॅकमधले दोन १८६५० सेल सिरीजमध्ये, जाड वायर आणि एक दणकट पुश-बटण, झालं स्टार्टर. प्लग तापवायला वेगळा १.२ व्होल्टचा सेल. बटण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही. इंजिन इंधनाने तुंबलं तर ते अडतं. प्लग काढून, आपलं तोंड बाजूला करून, आतलं इंधन उडवून टाकायचं.

आता चालवतानाचं. उन्हाळ्याच्या शेवटी तयार झाली, तेव्हापासून बहुतेक रविवारी वाघोलीच्या पुढे एका मित्राच्या पडीक रानात नेतो. सोसायटीत एकदाच चालू केली होती, चेअरमनसाहेबांनी ग्रुपवर जे लिहिलं ते इथे देत नाही. मुरमाड जमिनीवर ही गाडी बघण्यासारखी पळते. आठ शॉकमुळे खड्ड्यातून जाताना बॉडी जवळजवळ सपाट राहते, आणि दुसरा गिअर पडतानाचा आवाज ऐकून शेजारच्या शेतातले आजोबा अजूनही हातातलं काम थांबवतात. गिअर कधी पडावा त्याचा स्क्रू गिअरबॉक्सच्या छोट्या भोकातून बारीक अॅलन कीने फिरतो. मी थोडा उशिरा पडेल असा ठेवलाय. पावसाळ्यात काळ्या मातीत मात्र नेऊ नका. चाकाला गोळे बसतात, क्लचवर ताण येतो, आणि धुण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

या काळात काय गेलं? स्टीअरिंगचा स्वस्तातला सर्व्हो, धातूचे दात असूनही, दगडावर एक चाक आपटल्यावर फिरायचा थांबला. नवा सर्व्हो-सेव्हर (चाकाचा धक्का सर्व्होपर्यंत न जाऊ देणारा स्प्रिंगचा जोड) आधी घातला असता तर वाचला असता, असं अनुभवी लोक म्हणतात. आता दोन्ही घातलेत. क्लच बेलची बेअरिंगं उष्णतेने जातात, ती या गाड्यांत उपभोग्य वस्तूच समजा. स्टार्टरचं वन-वे (एकाच दिशेला धरणारं) बेअरिंग तेल बसून घसरायला लागलं होतं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतल्यावर परत धरलं. ग्लो प्लग अधूनमधून. इंजिनाचं कॉम्प्रेशन मात्र घेतलं तेव्हा होतं तसंच आहे. त्याचं श्रेय मी एअर फिल्टरला देतो: दुचाकीच्या फोम फिल्टरच्या तुकड्यातून कापलेले दोन थर, फिल्टर ऑइलमध्ये मळून पिळलेले, दर फेरीनंतर धुतलेले. पुण्याची धूळ कोरड्या फोममधून आरामात आत जाते आणि पॉलिश पेपरचं काम करते. दिवस संपला की टाकी रिकामी, इंजिन उरलेलं इंधन पिऊन बंद होईपर्यंत चालवायचं, प्लगच्या भोकात एटीएफचे (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे) चार थेंब, फ्लायव्हील थोडं फिरवून ठेवायचं.

राहिलं इंधन. मेथॅनॉल, १० ते २० टक्के नायट्रोमिथेन आणि तेल. मेथॅनॉलची प्लगच्या प्लॅटिनमशी क्रिया होते म्हणून बॅटरी काढल्यावरही प्लग तापलेला राहतो, पेट्रोलने हे होत नाही. हॉबी दुकानातून लिटरला हजाराच्या पुढेच पडतं. टाकी सव्वाशे मिलीच्या आसपासची, ती दहा-पंधरा मिनिटांत संपते, बाकीचं गणित तुम्हीच करा. रिमोटच्या विमानांचं इंधन स्वस्त मिळतं म्हणून काही जण घालतात. तेलाचं आणि नायट्रोचं प्रमाण वेगळं असल्यामुळे मी घातलं नाही. घरी मिश्रण करण्याच्या भानगडीत पडू नका, मेथॅनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही.

चकचकीत अॅल्युमिनियमचे आर्म घ्या म्हणून बरेच जण सांगतात. नाही घेतले. मूळ प्लॅस्टिकचा आर्म आपटला की लवतो आणि सुटतो. अॅल्युमिनियमचा एकतर वाकतो किंवा तो धक्का पुढे गिअरबॉक्सच्या केसवर ढकलतो, आणि ती केस आर्मपेक्षा महाग.

नुसतं पळवायचं असेल, रविवारी सकाळी बटण दाबून निघायचं असेल, तर याच पैशांत जुनी ब्रशलेस (विजेच्या मोटरची) गाडी आणि दोन लिपो बॅटऱ्या बघा, ती जास्त वेगाने पळेल आणि शेजारी बोलतील. ज्याला रात्री अकरा वाजता टेबलावर वर्तमानपत्र पसरून कार्बची ओ-रिंग शोधायला आवडतं, त्याने ही घ्यावी. घेताना ग्लो प्लगचा पाना आणि टॉर्च सोबत न्या, विकणारा प्लग काढू देत नसेल तर चहा पिऊन परत या. माझ्या गाडीच्या पुढच्या डिफमधून (डिफरन्शियलमधून) हल्ली वळताना टकटक येते. या रविवारी केस उघडून शिम (पातळ चकती) टाकून बघणार आहे.