थायरॉइडची गाठ: अर्धी ग्रंथी काढावी की संपूर्ण?

मानेच्या सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये सापडणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि त्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. ज्यांच्या एफएनएसीचा, म्हणजे सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीचा, अहवाल संशयास्पद किंवा पॅपिलरी कर्करोगाचा आला आहे, गाठ एकाच बाजूला आणि ४ सेंटिमीटरपेक्षा लहान आहे आणि सर्जनने दोन्ही पर्याय समोर ठेवले आहेत, अशा ठाणे-नवी मुंबईतील रुग्णांसाठी ही तुलना आहे.

निरोगी थायरॉइडचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम असते. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना तिचा एकेक खंड असतो आणि मधली अरुंद पट्टी त्यांना जोडते. तिच्यातील सूक्ष्म पुटिकांच्या पेशी रक्तातले आयोडीन ओढून घेऊन टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करतात, तर पुटिकांलगतच्या सी पेशी कॅल्सिटोनिन तयार करतात. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कर्करोग पुटिकांच्या पेशींतून उद्भवतात, म्हणून त्यांच्यावर किरणोत्सारी आयोडीनचा उपयोग होऊ शकतो. मेड्युलरी कर्करोग सी पेशींचा असल्याने त्याला हा उपचार लागू पडत नाही आणि त्यात सहसा संपूर्ण ग्रंथीच काढावी लागते. पुढील विवेचन त्याच्यासाठी नाही.

शस्त्रक्रियेतील जोखीम ग्रंथीच्या शेजाऱ्यांमुळे येते. प्रत्येक खंडामागून स्वरयंत्राकडे जाणारी एक नस असते आणि रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी तिथेच चिकटलेल्या असतात. अर्धी ग्रंथी काढताना एकाच बाजूची नस धोक्यात येते आणि दुसऱ्या बाजूच्या पॅराथायरॉइडला हात लागत नाही, त्यामुळे कॅल्शियम कायमचे कमी राहण्याची भीती जवळपास उरत नाही. संपूर्ण ग्रंथी काढताना दोन्ही बाजू उघड्या पडतात आणि थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत दोन्ही गोळ्या चालू असतात, तेव्हा घरच्यांनी हे अंतर काटेकोरपणे पाळावे. अर्धी ग्रंथी राहिलेल्यांपैकीही काहींना पुढे गोळी लागते, पण अनेकांना लागत नाही.

संपूर्ण शस्त्रक्रियेची जमेची बाजूही खरी आहे. नंतर थायरोग्लोब्युलिनच्या, म्हणजे थायरॉइडच्याच पेशी तयार करत असलेल्या प्रथिनाच्या, रक्त तपासणीवरून आजार परतला का, हे चांगले कळते आणि गरज पडल्यास किरणोत्सारी आयोडीन देता येते. अर्धी ग्रंथी शिल्लक असताना ही तपासणी तितकी बोलकी राहत नाही आणि मुख्य भिस्त सोनोग्राफीवर असते. शिवाय काढलेल्या भागाच्या अंतिम अहवालात आजार अधिक आक्रमक निघाला, तर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

एफएनएसीचे अहवाल बेथेस्डा या वर्गवारीनुसार सहा गटांत मांडतात; त्यातील बेथेस्डा ४, म्हणजे फॉलिक्युलर गाठीचा संशय, हा गट विशेष विचारात घ्यावा. फॉलिक्युलर गाठ साधी की कर्करोगाची, हे तिने आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का यावर ठरते आणि सुईने काढलेल्या सुट्या पेशींत ते दिसूच शकत नाही. अशा वेळी अर्धी ग्रंथी काढणे हीच निदानाची पायरी असते. तिथे संपूर्ण ग्रंथी काढण्याची घाई मला अनाठायी वाटते.

माझे मत स्पष्ट आहे: गाठ लहान, ग्रंथीच्या आत, दुसरा खंड स्वच्छ आणि मानेतील लसिका ग्रंथी निर्दोष असतील, तर अर्ध्यावर थांबावे. आजार ग्रंथीबाहेर पसरला असेल, दोन्ही खंडांत असेल, लसिका ग्रंथींत पोहोचला असेल किंवा लहानपणी मानेवर किरणोपचार झाले असतील, तर संपूर्ण ग्रंथी काढणे योग्य. एक सेंटिमीटरपर्यंतच्या पॅपिलरी गाठीवर केवळ लक्ष ठेवण्याचा मार्ग जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून अवलंबला आहे; नियमित सोनोग्राफी न चुकवणाऱ्यालाच तो झेपतो.

मूल हवे असलेल्या स्त्रियांनी किरणोत्सारी आयोडीनची शक्यता आधीच विचारून घ्यावी, कारण त्यानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. निर्णयाआधी दुसरे मत घ्यायचे असल्यास टाटा मेमोरियलची ॲक्ट्रेक संस्था खारघरलाच आहे. दुसरे मत कुठेही घेतले, तरी छापील अहवालाबरोबर एफएनएसीच्या मूळ काचपट्ट्याही लॅबमधून मागून न्याव्यात. त्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पाहिल्यावर कधी कधी गट बदलतो आणि त्याबरोबर शस्त्रक्रियेचा पल्लाही.